खालच्या ओळी झाकून

३ मार्च, रविवार

आज मंडळात मी जिंकलो आणि तरी घरी येईपर्यंत तोंड कडू झालं होतं. म्हणून ही वही उघडली. वही मामाच्या चष्म्यांच्या दुकानातली. पहिल्या चार पानांवर गिऱ्हाइकांचे डावे-उजवे डोळे नंबरासह लिहिलेले आहेत. पाचव्या पानापासून मी.

आधी मंडळाचं लिहितो. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक रविवार आड, सकाळी दहाला, आम्ही दहा-बारा सिनेमावेडे जमतो. ग्रंथपालबाई जोडी ठरवतात: एक परभाषेतला सिनेमा, पडद्याच्या तळाशी भाषांतराच्या ओळी असलेला, आणि त्याचा आपल्या भाषेतला रिमेक. दोन आठवड्यांत दोन्ही बघून यायचं. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर मत लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि ती बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. डबा फिरतो. जी चिठ्ठी हाताला लागेल ती वाचायची आणि पाच मिनिटं ते मत आपलंच समजून लढायचं. मग खुली चर्चा. बाई म्हणतात, याने डोकं थंड राहतं. माझं अजून राहिलेलं नाही.

आजची जोडी लिफ्टची. मूळ सिनेमा नव्वद मिनिटं लिफ्टच्या बाहेर पडत नाही. दोन माणसं, चार भिंती, घाम. रिमेकमध्ये लिफ्ट अडकते, नायिका डोळे मिटते आणि थेट डोंगरावर नाच! मी चर्चेत उभा राहूनच बोललो. मूळ ते मूळ, नक्कल म्हणजे उष्टं. ऑपरेटरकाका (चाळीस वर्षं थिएटरात मशीन चालवून निवृत्त झालेत) म्हणाले, "बस रे बाबा, लिफ्ट पडेल."

सगळे गप्प झाले. ती सोडून (तिचं पुढे लिहितो). ती म्हणाली, "रिमेकच्या लिफ्टला आरसा आहे. मूळमध्ये नाही. आरसा असला की माणसाला तोंड फिरवून रडताही येत नाही." एवढंच. माझ्या लक्षातसुद्धा आला नव्हता आरसा.

पण तोंड कडू झालं ते त्यामुळे नाही. तिच्या हाताला चिठ्ठी लागली, तशी तिने नेहमीप्रमाणे ती शेजारच्या दंतवैद्यापुढे धरली. "तुम्ही वाचा, तुमचा आवाज चांगला आहे." दरवेळी हेच! आणि तो पांढऱ्या दातांचा मनुष्य दरवेळी घसा खाकरून वाचतो. माझ्या आवाजाला काय धाड भरली आहे?

५ मार्च, मंगळवार

ती पहिल्यांदा दिसली ती जानेवारीत, आमच्याच दुकानात. वडिलांच्या सोफ्याच्या कारखान्यात काम करते. वाचताना डोकं दुखतं, अशी तक्रार होती. मामाने अक्षरांचा तक्ता लावला, तर म्हणते, "तो गोलांचा नाही का? फट कुठल्या बाजूला आहे ते सांगायचा?"

मामा म्हणाला, "तो लहान मुलांसाठी."

"मग मला लहान समजा."

शेवटच्या ओळीतल्या मुंगीएवढ्या गोलांची फटसुद्धा तिने खटाखट सांगितली. वर, डावी, खाली, डावी. काय नखरा! मी तिथेच गारद. चष्मा लागला नाही. वर जाता जाता म्हणाली, "तुमचा आरसा दोन बोटं तिरका लागलाय." मोजलं. दोन बोटंच.

ती गेल्यावर मामा दारात उभा राहून म्हणाला, "डोळ्यांचा काही दोष नाही बरं का." थोड्या वेळाने परत तेच म्हणाला. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच नंबर लागलाय.

११ मार्च, सोमवार

खालची दाढ ठणकतेय. आई म्हणते दंतवैद्याकडे जा. गावात चांगला एकच आहे. मरण पत्करेन.

कामात लक्ष नाही. एका बाईंचं डावं भिंग उजवीकडे बसवलं. मामा म्हणाला, "तुझं डोकं म्हणजे कुकर आहे. शिट्टी तेवढी चुकीच्या वेळी वाजते." यात कॉलेजचा टोमणा होता, हे न कळायला मी दूधखुळा नाही. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत पर्यवेक्षक सगळ्या वर्गासमोर मला 'ए' म्हणाला आणि मी उत्तरपत्रिका त्याच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो. तेव्हा बरोबरच वाटलं होतं. आता दोन वर्षं झाली. अजूनही बरोबरच वाटतं, फक्त दिवसातून थोडा वेळ वाटत नाही.

१७ मार्च, रविवार

रागात लिहितोय, अक्षर बिघडणार.

आजची जोडी दोन भावांची. एकाच घरात बारा वर्षं एकमेकांशी न बोलता राहणारे भाऊ. मूळ सिनेमा म्हणजे सोनं. रिमेकमध्ये मध्येच एक विनोदी पोलीस घुसवलाय. या पोलिसावर मी चिठ्ठीची पाठपोट भरून लिहिलं होतं.

डबा माझ्याकडे आला. चिठ्ठी काढली. शब्द नाही! चित्र होतं. वर दोन खुर्च्या, एकमेकींना पाठ करून. खाली दोन खुर्च्या, समोरासमोर. बस्स.

मी समोर पाहिलं. दंतवैद्य गालात हसत होता आणि त्याच्या कानामागे पेन्सिल होती. हा माणूस चिठ्ठीच्या कोपऱ्यात दाढा काढत बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हणालो, "ज्याला चार ओळी लिहिता येत नाहीत, त्याने सिनेमावर बोलू नये. खालच्या ओळी वाचायचा कंटाळा म्हणून रिमेक बघायचे, आणि मत मागितलं की चित्रं काढायची! बालवाडी आहे का ही?"

ऑपरेटरकाका म्हणाले, "अरे, नियम आहे. पाच मिनिटं लढ."

"काय लढू? खुर्च्या?" आणि चिठ्ठी चुरगाळून टोपलीत फेकली.

दंतवैद्याचं हसू गेलं, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता. ती उठली, पिशवी घेतली. "मला कारखाना उघडायचाय," म्हणाली आणि गेली. रविवारी कारखाना बंद असतो, हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणजे त्याचा अपमान हिला एवढा लागला. आता सगळं स्वच्छ दिसतंय.

१८ मार्च, सोमवार

काही स्वच्छ दिसत नाहीये.

२० मार्च, बुधवार

पत्र लिहिलं. सात पानं. पहिल्या पाच पानांत माफी, मूळ सिनेमा का मोठा, आणि मी का ओरडलो. सहाव्या पानावर ते लिहिलं. जे आहे ते, सरळ. मग ते शेवटचं पान ठेवायला धीर होईना, म्हणून सातव्यावर माझ्या आवडत्या दहा सिनेमांची यादी दिली.

दुपारी कारखान्यावर गेलो. ती सोफ्याच्या मागे बसून पक्कडीने जुने खिळे उपटत होती. मी पाकीट पुढे केलं. तिने वजन केल्यासारखं हातात तोललं.

"एवढं? तोंडाने नाही सांगता येणार?"

मी म्हटलं, "तोंडाने माझं बिघडतं. लिहिलेलंच वाचा."

"बरं," म्हणाली. चेहरा असा की दगड बरा.

२४ मार्च, रविवार

चार दिवस झाले. उत्तर नाही. सात पानांना माणूस किती वेळ घेतो? अर्धा तास. फार तर पाऊण.

दाढ वाईट.

२६ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते कोणाला सांगण्यासारखं नाही. वहीला सांगतो.

गाल सुजून डोळा बारीक झाला. मामाने हाताला धरून दंतवैद्याच्या खुर्चीत नेऊन बसवलं आणि वर म्हणाला, "डॉक्टर, जिभेचंही काही करता आलं तर बघा."

दंतवैद्याने सुई टोचली, तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली आणि मशीन चालू करून शांतपणे बोलायला लागला. असा नीच डाव! मला 'आ' सोडून एक अक्षर उच्चारता येत नव्हतं.

"ते खुर्च्यांचं चित्र माझं नव्हतं," तो म्हणाला. "हलू नका."

मी हललो.

"माझ्या चिठ्ठीवर दाढ असते. खाली तीन ओळी मजकूरही असतो. ते चित्र कोणाचं, ते तुम्हाला आता कळलं असेल. ती चिठ्ठ्या माझ्याकडे वाचायला का देते, याचा विचार केलात कधी? माझा आवाज चांगला नाही. माझी बायको मला अंगाईसुद्धा गाऊ देत नाही."

बायको!

"माझ्या धाकट्या भावाचं असंच आहे. हुशार, हजरजबाबी, पण कागदावरची अक्षरं त्याच्यासमोर थांबत नाहीत. हलतात, जागा बदलतात. एक पान म्हणजे त्याला डोंगर. वर्गात त्याला सगळे मठ्ठ म्हणायचे. तिने मला काही सांगितलेलं नाही. मी ओळखलं. तुम्ही तर डोळ्यांच्या दुकानात बसता. थुंका."

मी थुंकलो. बोलता येत होतं आता. पण बोलायला काही उरलं नव्हतं.

डोळ्यांचा काही दोष नाही बरं का. मामा दोनदा म्हणाला होता. आणि मी तिला सात पानं दिली. पाठपोट.

२७ मार्च, बुधवार

सकाळीच कारखान्यावर. आतून तिचे बाबा ओरडले, "कोण आहे गं?"

"चष्मेवाले."

"आपल्याला चष्मा नको म्हणावं."

मी म्हटलं, माफी मागायला आलोय. चित्र तुमचं होतं हे माहीत नव्हतं. ती खिळे उपटत राहिली. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी पुढे बोलत गेलो. तो रिमेक मी परत पाहिला, तोच जास्त चांगला आहे, खरं तर बरेच रिमेक मूळपेक्षा चांगले असतात, माणसाने सिनेमा आपल्याच भाषेत बघावा...

पक्कड खाली आपटली तिने.

"तू गप्प बस."

पहिल्यांदा 'तू' म्हणाली, तेही असं.

"खोटं बोलतोयस. तुला तो रिमेक काडीचा आवडलेला नाही. त्या पोलिसावर तू जिन्यात अर्धा तास बडबडत होतास. मलाही तो पोलीस आवडलेला नाही. म्हणून काय सगळा सिनेमा टाकून द्यायचा? आणि आता माझी कीव आली म्हणून सगळा डोक्यावर घ्यायचा?"

"कीव नाही."

"मग खुर्च्यांचं काय ते सांग. चित्र पाहिलंस ना?"

मला सांगता येईना. तिने दोन मोडक्या खुर्च्या ओढल्या आणि पाठीला पाठ लावून ठेवल्या. "मूळ सिनेमात भाऊ असे जेवतात. भांडण आहे, दिसतंय, संपलं." मग फिरवून समोरासमोर केल्या. "रिमेकमध्ये असे. रोज एकमेकांचं तोंड बघतात, घास मोजतात आणि तरी बारा वर्षं बोलत नाहीत. कुठलं जास्त भयंकर?"

मूळ सिनेमा तीनदा पाहिलाय मी. सगळे संवाद पाठ आहेत. खुर्च्या कशा होत्या ते आठवेना.

"माझ्यावर ओरडलास त्याचं मला एवढं वाटलं नाही," ती म्हणाली. "पाच मिनिटं लढायला पाहिजे होतंस. माझं मत होतं ते. फेकून दिलंस."

मी मान खाली घालून म्हटलं, "ते पत्र परत द्या. मी तोंडाने सांगतो."

"नाही देणार. दीड पान झालंय."

"आठवड्यात?"

"रोज जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं. अक्षर गिचमिड आहे तुझं. डॉक्टर का नाही झालास?"

"कॉलेज सोडलं."

"का?"

सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मला तर बाईंनी सातवीत वर्गाबाहेर काढलं होतं. तू आपला आपण निघालास. हौशीच आहेस."

येईन म्हणाली रविवारी. घरी येताना अर्ध्या रस्त्यात पाय थांबले. दीड पान झालंय. सहावं पान अजून पुढे आहे!

३१ मार्च, रविवार

आली. चिठ्ठीवर चित्रच काढलं आणि खाली, नियम मोडून, स्वतःचं नाव ठळक लिहिलं. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि डबा पुढे सरकवला. चिठ्ठी ऑपरेटरकाकांना लागली. चित्रातल्या एका छत्रीवर ते साडेसात मिनिटं बोलले. तिला लागलेली चिठ्ठी तिने दंतवैद्याकडे दिली आणि मला मुळीच राग आला नाही. जवळजवळ नाहीच.

वाचनालयाने खुर्च्या दुरुस्त करायला काढलेल्या दिसतात. माझ्या खुर्चीच्या बसक्या गादीत नवी स्प्रिंग आणि वर नवं हिरवं कापड. बाकी सगळ्यांच्या तशाच. सुरुवात माझ्यापासून का केली कोण जाणे.

बाईंनी बातमी दिली: चौदा तारखेला खालच्या सभागृहात जाहीर खेळ. अगदी नवा परभाषेतला सिनेमा, ज्याचा अजून कुठेच रिमेक झालेला नाही. बाई तीन महिने पत्रव्यवहार करत होत्या.

८ एप्रिल, सोमवार

कॉलेजच्या कार्यालयात गेलो. खिडकीवर रांग होती. उभा राहिलो नाही, परत आलो. पण गेलो.

ती आज चौथ्या पानावर आहे. मामाकरवी निरोप पाठवला: "चौथ्या पानावर तेच तेच आहे, काटछाट हवी होती." मामाने तो गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितला.

१४ एप्रिल, रविवार

क्रमाने लिहितो, नाहीतर गडबड होईल.

सकाळी दहा. साठ खुर्च्या, साठही भरलेल्या. काकांनी पडदे ओढले, मशीन चालू केलं. एक म्हातारी, एक घर, दारात बॅग घेऊन उभी असलेली तरुण मुलगी. दोघी बोलायला लागल्या. आणि खाली ओळीच नाहीत! कोरं.

मी मागे धावलो. काकांवर ओरडलो. काका म्हणाले, "चित्र आहे, आवाज आहे. मी चाळीस वर्षं एवढंच दाखवलं. ओळी त्यांनी पाठवल्याच नाहीत, तर मी काय पेनाने लिहू?"

ग्रंथपालबाई पांढऱ्याफटक पडल्या. लोक चुळबुळायला लागले, मागचे दोघे उठले. मंडळाचा पहिला जाहीर खेळ, आणि हा शेवटचाच ठरणार. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, उभं राहून सांगावं की आमच्यात एक जण आहे जिला ओळी लागतच नाहीत, वाचताच... गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वेळेवर गिळलं असेल मी.

बाई उठल्यामुळे तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. जाऊन बसलो. मला खरंच काही कळत नव्हतं. परभाषेच्या सिनेमाचा मी म्हणे जाणकार! ओळी काढून घेतल्यावर आंधळी कोशिंबीर. हळूच विचारलं, "काय चाललंय?"

ती कुजबुजली, "मुलगी म्हातारीची सावत्र लेक आहे."

"सावत्र? कशावरून?" मला कुजबुजता येत नाही. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"हळू! आत यायला दारात अडखळली, म्हणजे हक्काची नाही. पण दिव्याचं बटण न बघता लावलं. म्हणजे घर माहितीचं आहे."

पुढच्या रांगेतले टोपीवाले आजोबा वळले. मला वाटलं आता शिव्या. आजोबा म्हणाले, "अहो, एकट्यालाच काय सांगताय? जरा मोठ्याने, आम्हीही आलोय बघायला."

ती लालबुंद झाली. माझ्याकडे असं पाहिलं की खाऊ की गिळू. दुसरीकडून कोणी म्हणालं, "सांगा ओ ताई." उठलेले दोघे परत बसले.

आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग सरळ. "छप्पर दुरुस्त करणारा हा माणूस म्हातारीवर जीव टाकतो, बघा, शिडी रिकामी असताना खिडकीशी थांबतो." "आता मुलगी खोटं बोलली. बोलायच्या आधी बाही ओढली तिने." लोक हसले तिथे हसली, थांबले तिथे थांबली. शेवटी म्हातारी घराच्या किल्ल्या मुलीच्या हातात ठेवते. ती हळू आवाजात म्हणाली, "माफ केलं तिने. घर आता तुझं, म्हणते." माझ्या मागे कोणीतरी नाक ओढलं. बहुधा दंतवैद्य.

दिवे लागल्यावर टाळ्या पडल्या. पडद्याला नाही, तिला.

बाहेर पायऱ्यांवर ती एकदम म्हणाली, "सहावं पान वाचून झालं."

"मग?"

"मग काय? सातवं राहिलंय. मध्येच उठून शेवट विचारायचा नसतो." आणि गेली. चालताना मागे वळून पाहिलं, पण बहुधा बाईंकडे.

सातव्या पानावर नुसती यादी आहे. काय करू!

१७ एप्रिल, बुधवार

राहिलेल्या ओळी आल्या, पडद्यासाठीही आणि छापील कागदांवरही. पाठवणाऱ्यांनी माफी मागितली आहे. दुपारी वरच्या खोलीत सिनेमा परत लावून आम्ही पाचच जण बसलो: बाई, काका, दंतवैद्य, ती, मी. बाई ओळी मोठ्याने वाचत होत्या.

दहाव्या मिनिटाला गोंधळ कळला. मुलगी सावत्र लेक नाहीच. सरकारी कार्यालयातली कारकून आहे. घर पाडून तिथून रस्ता जाणार आहे. हिवाळ्यात ती घर मोजायला आली होती, म्हणून तिला बटण माहीत. म्हातारी घर सोडायला तयार नाही, म्हणून मुलगी पुन्हा पुन्हा येते, आणि येता येता तिची होते. शेवटच्या किल्ल्या म्हणजे माफी नाही. घर रिकामं केल्याची पोच.

काका म्हणाले, "म्हणजे साठ माणसांना आम्ही भलताच सिनेमा दाखवला की!"

"रिमेक म्हणा," दंतवैद्य म्हणाला.

बाई म्हणाल्या, "मला तर रविवारचाच जास्त आवडला." काकाही तेच म्हणाले. दंतवैद्य म्हणाला, त्याची बायको दोन दिवस त्या सावत्र लेकीबद्दलच बोलतेय.

ती कोणाकडे बघत नव्हती. सोफ्याच्या कापडाचा एक धागा बोटाला गुंडाळत होती. मग माझ्याकडे वळली. "तू बोल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांनी मला डोळ्याने खुणावलं, की शहाणा असशील तर 'तुझाच चांगला' म्हण. मलाही तेच म्हणावंसं वाटत होतं, देवाशपथ. पण सत्तावीस तारखेची आपटलेली पक्कड आठवली.

"मूळ चांगला आहे," मी म्हणालो. "तुझा शेवट गुळमट आहे. लेकीला किल्ल्या कोणीही देईल. ही बाई घर मोडायला आलेल्या परक्या मुलीच्या हातात किल्ल्या ठेवते आणि तिच्या थंड बोटांवर आपला हात दाबून धरते. त्याला जास्त काळीज लागतं. तू चुकलीस."

काकांनी कपाळावर हात मारला. ती असं हसली, असं हसली, की बाईंना दार लावून घ्यावं लागलं. खाली वाचक होते.

"आत्ता कसं बोललास! बरं. चुकले. मग तिसरी ताटली कोणाची?"

"कुठली ताटली?"

"पहिल्या जेवणापासून म्हातारी तीन ताटल्या मांडते. माणसं दोन. शेवटच्या जेवणाला दोनच मांडते. तिसरी कोणाची?"

बाईंनी कागद चाळले. ओळींमध्ये ताटलीचं नाव नाही. दंतवैद्याने पाहिली नव्हती, काकांनी पाहिली नव्हती. मी दोनदा सिनेमा बघून एकदाही पाहिली नव्हती. आज तर माझे डोळे सबंध वेळ पडद्याच्या तळाशीच होते.

"म्हणजे तिची खरी लेक कोणीतरी होती," मी म्हटलं. "गेलेली."

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी चुकते ना."

२१ एप्रिल, रविवार

मंडळाचा रविवार नव्हता. तरी काकांनी सभागृह उघडून दिलं. सकाळी नऊला आम्ही दोघंच, आणि मागे मशीनपाशी काका पेपर वाचत.

बसायच्या आधीच ती म्हणाली, "सातवं पान झालं. तुझ्या यादीतला चौथा सिनेमा रिमेक आहे."

"अशक्य!"

"काकांना विचार. मूळ त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी दाखवलाय. दुसऱ्या देशात नंतर नक्कल झाली, ती तू मूळ म्हणून घेऊन बसलायस."

मागून पेपराआडून काका म्हणाले, "दोन आठवडे हाउसफुल होता." मी खुर्चीत बसलो. चार वर्षं त्या सिनेमावरून लोकांशी भांडतोय मी. उष्टं, उष्टं म्हणत.

मग धीर करून विचारलं, "आणि सहावं पान?"

"त्याच्याबद्दल मला पुष्कळ बोलायचंय," ती म्हणाली. "चालत बोलू. नदीपर्यंत. आधी हा बघ."

मी दुकानातून पुठ्ठ्याची लांब पट्टी आणली होती. पडद्याच्या तळाशी उभा राहून ओळींवर ती धरली. सिनेमा सुरू झाला. ती खुर्चीवरून हुकूम सोडत होती, "वर घे, अक्षरं दिसतायत. तुझं डोकं आड येतंय. बस खाली." मी गुडघ्यावर बसलो, हात वर. खांदा भरून आला. पण दिसायला लागलं. पहिली ताटली, दुसरी, आणि तिसरी, खिडकीकडच्या बाजूला, काठाला टवका उडालेली. म्हातारी ती मांडताना हात हळू करते. मुलगी ते बघते. दुसऱ्या जेवणालाही बघते. विचारत नाही.

शेवटचं जेवण आलं. म्हातारीने कपाट उघडलं. एक ताटली काढली, आपल्यापुढे ठेवली. मग ती टवक्याची काढली, पुसली आणि मुलीच्या पुढे ठेवली.

दोनच. पण ही दुसरी तीच होती! तिलाही हे आधी दिसलं नव्हतं. तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. माझा हात आपोआप खाली आला. म्हातारी काहीतरी बोलली, अगदी हळू, मुलीकडे न बघता.

"काय म्हणाली?" तिने विचारलं. "वाच ना, लवकर."

मी ओळ वाचली.

"बस. गार होईल."

मी पडद्याशी गुडघ्यावर, ती पहिल्या रांगेत. मग ती म्हणाली, "म्हणजे लेकच झाली की ती. मीच बरोबर."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "लेक नाही, म्हणूनच तर..."

काकांनी खिडक्या उघडल्या, खोकले, किल्ल्या वाजवल्या, आणि शेवटी आमच्याच हातात देऊन घरी गेले. आम्ही भांडतच होतो.